मागच्या चाकाची टेप

तक्षू,

या शनिवारी तुझं गॅरेज रिकामं केलं. घर परत द्यायची मुदत महिनाअखेरची होती. वरचं सगळं दोन दिवसांत आवरून झालं. कपडे चॅरिटी शॉपला दिले, पुस्तकं विहाराच्या लोकांनी नेली, कुकर आणि पोळपाट-लाटणं मी घरी घेऊन आले. गॅरेजची किल्ली मात्र आठवडाभर माझ्या कोटाच्या खिशातच होती. समीर म्हणाला, "मी येतो बरोबर, एकटी जाऊ नकोस." त्याला नको म्हटलं. नवरा असला म्हणून काय झालं, तुझ्या गॅरेजमध्ये आपल्या दोघींशिवाय कधी कुणी काम केलेलं नव्हतं.

दार वर सरकवलं तर त्या दिवशी आपण सोडलं तसंच सगळं. सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी. मागचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, टायर अर्धा रिमवर, अर्धा बाहेर लोंबतोय. खाली सांडलेलं टायरचं सीलंट सुकून सिमेंटवर रबराची साय धरलेली. तुझा लाल मग खिडकीत, चहाचा तळ बुरशीने हिरवा. मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले. त्या दिवशी दार जोरात ओढून निघून गेले होते, ती मीच.

त्या दिवसाबद्दलच लिहायचंय. पण सरळ तिथे जायला जमत नाहीये. आधीचं सांगते, तुला सगळं माहीत असलं तरी.

आपण पहिल्यांदा भेटलो ते ब्रॅकनेलच्या पाइनच्या जंगलाबाहेरच्या कार पार्कमध्ये. डॉक्टरने व्यायाम सांगितला म्हणून मी चाळिशी उलटल्यावर माउंटन बाइक घेतली होती आणि तिसऱ्याच आठवड्यात पंक्चर करून बसले होते. टायर रिमवरून निघता निघेना. मी स्वतःशीच बडबडत होते, "अरे नीघ ना मेल्या!" तेवढ्यात मागून आवाज आला, "मेल्या म्हणून नाही निघत, बाई. लिव्हर घाला त्यात."

तू. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेली, हातात केळं. दोन मिनिटांत तू ट्यूब बाहेर काढलीस. मला इतका आनंद झाला होता की मी एकामागून एक प्रश्न विचारत सुटले. कुठली? नागपूर. इथे काय करतेस? इथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग. नाव काय? तक्षशिला. आणि आडनाव?

तू ट्यूब हातात धरून माझ्याकडे बघितलंस. "काहून? आडनाव पाहून पंक्चर काढायचं असते का?"

हसून म्हणालीस. मीही हसले. पण मी का विचारलं ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तुला कळलं होतं. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडातून तो प्रश्न आपोआप बाहेर पडतो, असं मी स्वतःला गाडीत घरी येईपर्यंत समजावत होते. नंतरच्या सहा वर्षांत आपण मासिक पाळीपासून मृत्युपत्रापर्यंत सगळं बोललो. त्या प्रश्नाबद्दल मात्र मी तुझी माफी कधी मागितली नाही. दर वेळी वाटायचं, आता इतकं जुनं झालं, कशाला उकरायचं. आता मागते. पण आता मागून काय.

ट्यूबलेस तू मला दुसऱ्या वर्षी शिकवलंस. "ट्यूब असली की काटा लागला रे लागला की संपलं. आत ट्यूबच नसली तर काट्याने फोडायचं काय?" असं तुझं लॉजिक. मला वाटलं होतं, ट्यूब काढायची आणि हवा भरायची, झालं. तू म्हणालीस, "हं, स्वयंपाक म्हणजे गॅस पेटवायचा, झालं."

मग तू एकेक दाखवलंस. रिमच्या आत स्पोकची भोकं असतात, त्यातून हवा जाऊ नये म्हणून सगळ्या रिमभर टेप लावायची. आधी रिम स्पिरिटने पुसायची, बोटाचं तेलसुद्धा राहता कामा नये. टेप दोन्ही हातांनी ताणत ताणत बसवायची. "सुरकुती नको. एक सुरकुती राहिली तर हवा बरोबर तिथूनच पळणार." मग व्हॉल्व्हच्या जागी बारीकसं भोक पाडायचं, व्हॉल्व्ह घालायचा, नट हातानेच आवळायचा. टायर चढवायचा. व्हॉल्व्हमधून ते बारीक भोकं बुजवणारं दुधासारखं सीलंट आत सोडायचं. आणि मग हवा, एका दमात, म्हणजे टायरच्या कडा उडून रिमच्या खाचेत बसतात.

माझं पहिलं चाक बसायला अख्खी दुपार गेली. पंप मारून मारून माझे खांदे गेले. हवा नुसती फुस्स करून सगळीकडून बाहेर. सीलंट उडालं ते थेट तुझ्या पांढऱ्या साडीवर, कारण संध्याकाळी तुला जयंतीच्या कार्यक्रमाला रीडिंग गावातल्या हॉलवर जायचं होतं आणि तू आधीच तयार होऊन बसली होतीस. मी रडायच्या बेतात. तू म्हणालीस, "लग्नाला नाही चालली मी. जयंतीला चालली. तिथे कामाचे डाग चालतात."

आणि मग एकदम ठाप! लगेच दुसरा ठाप! टायरच्या कडा बसल्या. माझी ईशा तेव्हा सात वर्षांची होती, दारात उभी होती, ती घाबरून ओरडली, "मावशीचा सायकल फुटला!" आपण दोघी जमिनीवर बसून हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. पुढे किती चाकं बसवली आपण, पण तसं हसणं पुन्हा झालं नाही.

त्या काळात रविवार म्हणजे जंगल. आठला निघायचं, दहाला परत कार पार्कमध्ये यायचं, गाडीच्या डिकीत बसून फ्लास्कमधला चहा, आणि बरोब्बर दहाला तुझ्या आईचा व्हिडिओ कॉल. नागपुरात तेव्हा दुपार. काकू शाळेतून रिटायर झालेल्या, पण आवाज अजून वर्गात असल्यासारखा. तुझ्या मागची झाडं बघून म्हणायच्या, "अजून त्या जंगलातच का? कमी कर बेटा ती सायकल." मग मला म्हणायच्या, "अनघा, तू तरी समजव हिला." आणि शेजारणींना मात्र सांगायच्या की माझी मुलगी विलायतेत डोंगरावरून सायकल चालवते. हे तूच मला सांगितलंस, हसत हसत.

तुझा भाऊ गेला ते चौथ्या वर्षी. आठ महिने काकू त्याच्या खाटेजवळ बसून होत्या. तू जाऊन आलीस दोनदा. दुसऱ्यांदा परत आलीस तेव्हा मी एअरपोर्टला घ्यायला आले होते. गाडीत तू एकच वाक्य बोललीस. "आईने त्याला रोज थोडं थोडं जाताना पाहिलं."

गेल्या ऑगस्टमध्ये तुझी पाठ दुखायला लागली. आपण दोघींनी सीटच्या उंचीला दोष दिला. मी स्वतः पाना घेऊन तुझी सीट दोन सेंटिमीटर खाली केली. त्याचाही मी फार विचार करते. तीन आठवडे आपण सीट वरखाली करत बसलो होतो.

मग स्कॅन झाला. स्वादुपिंड. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी खुर्ची पुढे ओढून सांगितलं. मी तुझ्या शेजारी होते. तू त्यांना विचारलंस, "बरं होण्यासाठीची ट्रीटमेंट आहे की वेळ वाढवण्यासाठीची?" त्या म्हणाल्या, वेळ वाढवण्यासाठीची. तू मान हलवलीस, जणू सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख पुढे गेलीये एवढंच कुणी सांगितलंय.

बाहेर येऊन लिफ्टपाशी तू म्हणालीस, "आईला सांगायचं नाही."

"म्हणजे आत्ता नाही ना?"

"आत्ता नाही. मार्चमध्ये पाहू. ट्रीटमेंटचा पहिला टप्पा होऊ दे."

"तक्षू, ती आई आहे."

"म्हणूनच. तिने एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा नाही दाखवणार मी तिला."

मी हो म्हटलं. तुझा आजार, तुझी आई, तुझा निर्णय. मी कोण? असं तेव्हा वाटलं. शिवाय सांगायचं असतं तर तो फोन कोणी केला असता, या विचाराने मला सुटल्यासारखंही वाटलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही.

ऑक्टोबरपासून तुला सायकल चालवता येईना. पण रविवारचा कॉल तर होताच. तू म्हणालीस, "घरून केला तर आई विचारेल, आज गेली नाहीस का. मग रोज एकेक खोटं रचावं लागेल. त्यापेक्षा तिकडेच जाऊ." म्हणून दर रविवारी साडेनऊला मी तुला घ्यायला यायचे. आपण जंगलाच्या कार पार्कमध्ये जायचो. डिकीत तू हेल्मेट घालायचीस, गालाला जरा रंग लावायचीस. मी तुझ्या खांद्याला धरून तुला अशी बसवायचे की मागे पाइनची झाडं दिसतील. आणि दहाला फोन वाजायचा.

"केस काहून कापलेस एवढे?"

"हेल्मेटमध्ये गरम होते आई."

"इथे सगळ्याच बायका कापतात, काकू," मी बाजूने.

"आणि किती वाळलीस! त्या सायकलीपायी. हाडं निघाली. बंद कर ती, मी सांगते."

"हो काकू, मी पण तेच म्हणते तिला."

सतरा रविवार. मी मोजले नव्हते तेव्हा, परवा फोनमध्ये बघून मोजले. एका रविवारी कॉल संपल्या संपल्या तू हेल्मेटसकट वाकलीस आणि गाडीच्या चाकाशी उलटी केलीस. शेजारी एक कुत्र्याला फिरवणारे आजोबा थांबले. त्यांना वाटलं तू सायकलवरून पडलीस. तू त्यांना म्हणालीस, "राँग लाइन, ऑन द लास्ट कॉर्नर." शेवटच्या वळणावर वाट चुकली असं समजून ते सहानुभूतीने मान हलवून गेले.

आता तो दिवस.

जानेवारीचा शेवट. तू नवीन टायर मागवले होते, जाड, खोल खाचांचे, वेल्सच्या दगडी वाटांसाठी. मी बॉक्स बघितला. तू म्हणालीस, "मेमध्ये जाऊ. ई-बाइक भाड्याने घेऊ हवं तर, पण चाकं माझीच लावू." मेमध्ये तू नसणार हे तुलाही माहीत होतं, मलाही. तरी मी म्हटलं, "चालेल. बँक हॉलिडेच्या सुट्टीचं बुकिंग आताच करू या." ते बोलताना मी किती सराईत झाले होते!

पुढचं चाक मी बसवलं. मागचं तू म्हणालीस मी करते. तू स्टुलावर बसलीस, चाक मांडीवर. औषधांनी तुझ्या बोटांची संवेदना गेली होती, थंड वस्तूला हात लावला की मुंग्या यायच्या, म्हणून तू पातळ हातमोजे घातले होते. टेप ताणायची म्हणजे दोन्ही अंगठ्यांत जोर लागतो. मी समोर उभी राहून बघत होते. व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी टेपला सुरकुती पडली. चांगली नखाएवढी. तुला दिसली नाही, तुझ्या बोटाला तर लागणारच नव्हती.

मला दिसली.

मी बोलले नाही. तुला वीस मिनिटं लागली होती तेवढी टेप लावायला. तुझ्या ओठांवर घाम होता. मला वाटलं, जाऊ दे, सीलंट बुजवेल. कधी कधी बुजवतंही.

तू टायर चढवायला घेतलास, शेवटची वीत मी ओढून दिली. सीलंट घातलं. मी पंप मारला. कडा बसल्या, ठाप ठाप झालं, तू टाळी वाजवलीस. आणि मग फुस्स. स्पोकच्या मुळांतून पांढरे बुडबुडे यायला लागले. पुन्हा पंप, पुन्हा फुस्स. चौथ्या वेळी तू चाक माझ्या हातातून घेतलंस, टायर एका बाजूने उपसलास, मोबाइलचा टॉर्च आत मारलास. बराच वेळ बघत राहिलीस.

"ही तुला दिसली होती."

मी काहीतरी म्हणाले, नाही, उजेड नव्हता, असं काहीतरी.

"अनघा, तू समोर उभी होतीस. तुझी नजर इथेच होती, मी पाहिलं. मला वाटलं तू माझ्या हाताकडे पाहतेस."

"जाऊ दे ना. नवीन लावू. मी लावते."

"सहा वर्षांत माझी एक चूक तू सोडली नाहीस. साखळीला तेल जास्त झालं तरी बोलायचीस. आणि आज गप्प? मरायला टेकली म्हणून चुकू द्यायचं मला? लहान लेकरू आहे मी?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू दे ना! माझं आहे ते वाटणं. तू कोण ठरवणारी?"

आणि मी, तक्षू, ते बोलले. इतके महिने गिळलेलं होतं. "आणि तू काकूंना काय करतेयस? त्यांना काय वाटावं ते तूच ठरवलंस ना? हेल्मेट घालून, झाडांसमोर बसून? मला दर रविवारी त्यात उभं करून? स्वार्थी आहेस तू. तुला बघवत नाही त्यांचं रडणं, म्हणून त्यांना काही कळू द्यायचं नाही!"

तू चाक मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवलंस. सीलंट सांडलं. हातमोजे काढलेस, एक एक बोट करून, खूप हळू.

"नीघ तू," म्हणालीस.

आणि मी निघाले. मी थांबायला हवं होतं. नुसतं जमिनीवर बसून राहायला हवं होतं. तू उठून मला ढकलू शकली नसतीस, तेवढा जोरच नव्हता तुझ्यात. पण मी बरोबर आहे याचा मला इतका राग आला होता की मी दार ओढून घेतलं.

चार दिवसांनी तूच मेसेज केलास, गुरुवारी हॉस्पिटलला सोडशील का. मी लगेच आले. गाडीत आपण ट्रॅफिकबद्दल बोललो. पुढचा रविवार आला, आपण गेलो, हेल्मेट, झाडं, काकू. कॉल संपल्यावर तू हेल्मेटचा पट्टा सोडत म्हणालीस, "तू त्या दिवशी बोललीस ते..." आणि तेवढ्यात तुला कळ आली, आणि गोळी, आणि पाणी, आणि ते वाक्य राहिलं. मी आठवण करून दिली नाही. मला भीती वाटली. तू काय म्हणणार होतीस? बरोबर आहेस, की चूक आहेस? मी रोज दोन्ही वाक्यं तुझ्या आवाजात ऐकते आणि दोन्ही खरी वाटतात.

त्यानंतर ताप. मग वॉर्ड. त्याच्या पुढच्या रविवारी तू कॉल घेतलाच नाहीस, मला म्हणालीस, आईला मेसेज टाक, वेल्सला ट्रिपला गेली, रेंज नाही. मी टाकला. तुझ्या आईला मी पाठवलेला तो शेवटचा मेसेज आहे तू जिवंत असतानाचा. त्यांनी उत्तर दिलं होतं, "सांभाळून चालव म्हणावं."

मंगळवारी सकाळी नर्सचा फोन आला तेव्हा मी रीडिंगहून लंडनला निघालेल्या ट्रेनमध्ये होते. पुढच्या स्टेशनला उतरून उलट फिरले. पोहोचले तोपर्यंत चाळीस मिनिटं उशीर झाला होता. नर्स म्हणाली, आदल्या संध्याकाळपासून ती झोपेतच होती, पुन्हा उठली नाही, काही बोलली नाही, शांतपणे गेली. तुझा हात अजून कोमट होता. नखांच्या कडेला हातमोज्यांतून झिरपलेल्या सीलंटची पांढरी पापडी होती. इतक्या दिवसांनंतरही. मी ती काढायला गेले आणि मग राहू दिली.

काकूंना मी सांगितलं. दुसरं कोण होतं? आधी शेजारच्या बाईंना फोन करून त्यांच्याजवळ बसायला लावलं, मग कॉल लावला. मंगळवारी माझा चेहरा बघून त्यांना कळलंच. त्यांचा पहिला प्रश्न होता, "सायकलीवरून पडली का?"

"नाही काकू."

मग सांगितलं. त्या ऐकत होत्या, चेहरा हलत नव्हता. 

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"दर रविवारी माहीत होतं."

"हो काकू."

मग त्या म्हणाल्या, "मी त्या सायकलीला शिव्या देत होती." आणि फोन शेजारच्या बाईंच्या हातात दिला.

व्हिसा, तिकीट, कशालाच वेळ नव्हता, आणि त्या म्हणाल्या की मी येऊन आता काय पाहू. अंत्यविधी क्रिमॅटोरियममध्ये झाला. लंडनपलीकडच्या इल्फर्डहून तुमचे लोक आले होते, पांढऱ्या कपड्यांत, पहाटे निघून. त्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. तुझ्या टीममधले दोन इंग्रज मागे हात जोडून उभे होते. काकूंसाठी व्हिडिओची लिंक पाठवली होती. विधी सुरू व्हायच्या आधी त्यांचा एकच मेसेज आला, "मी इकडून म्हटलं तर तिकडे ऐकू येईल का?" मी विचारून आले. लिंक एका बाजूचीच होती. नाही येणार, असं मी लिहिलं. शेजारच्या बाईंनी मागाहून सांगितलं, तरी त्यांनी मोठ्याने सगळं म्हटलं, एकही शब्द न चुकता.

मग त्यांनी माझा फोन घेणं बंद केलं. मी रोज लावायचे. पुढे एक दिवसाआड. मग मलाच कळेना, मी त्यांच्यासाठी लावतेय की माझ्यासाठी.

शनिवारी मी ते चाक सोडून देणार होते. डंपवर जाणाऱ्या ढिगात ठेवलंही होतं. मग परत आणलं. टायर पूर्ण काढला. सुरकुती होती तिथेच. तुझी टेप सोलून काढली, एकसंध निघाली, वाळलेल्या सीलंटने कडक झालेली. ती मी टाकली नाही, घडी करून पाकिटात ठेवलीये, आणि हे वेडेपणाचं आहे हे मला कळतं. रिम पुसली, नवीन टेप लावली, ताणून, तू शिकवलीस तशी. सीलंट, पंप. तिसऱ्या दणक्याला कडा बसल्या. साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. रिकाम्या गॅरेजमध्ये मी ते चाक धरून बसले. इतकं काही वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम होतं. त्या दिवशी मी "सुरकुती आहे बघ" एवढं म्हटलं असतं, तर तू मला एक शिवी दिली असतीस, आपण टेप काढून दुसरी लावली असती आणि चहा प्यायला असता. भांडलो नसतो. काकूंचं खोटं तसंच राहिलं असतं, तू तशीच गेली असतीस, पण ती दुपार तरी आपली राहिली असती.

काल रविवार होता. दहाला फोन वाजला. काकू.

मी जिन्यात बसून घेतला. त्यांनी कॅमेरा लावला नव्हता, नुसता आवाज. "मला पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "काही गाळू नको. मी ऐकते."

मी सांगितलं. पाठदुखी, सीटची उंची, स्कॅन, लिफ्टपाशी तू काय म्हणालीस ते. कार पार्क सांगितलं, हेल्मेट, गालाचा रंग, आजोबांसमोरची उलटी. भांडणही सांगितलं, माझे शब्द होते तसे. तासभर तरी बोलत असेन. त्या मध्ये मध्ये विचारायच्या.

"दुखत होतं का तिला?"

"हो काकू."

"फार?"

"फार. शेवटच्या आठवड्यात औषधाने कमी झालं होतं."

"जेवत होती?"

"नाही. दोन चमचे सूप."

मी ठरवलं होतं, तक्षू. आता यांच्याशी एक अक्षरही खोटं नाही. त्यांना जे वाटेल ते त्यांचं. हेच तर मी तुला ओरडून सांगितलं होतं.

 पलीकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"बेटा, शेवटी मला हाक मारली का तिने?"

नर्स काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. तोंडात आलं होतं.

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"आई म्हणाली. दोनदा."

तेव्हा त्या रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी फोन कानाशी घट्ट धरून ऐकत बसले. मग नाक पुसल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं बेटा. तू तरी होतीस तिच्याजवळ."

मी म्हटलं, "हो काकू. होते."